रॉयल मेक

मेकॅनिकलचा विद्यार्थी ओळखायला आयकार्ड बघावं लागत नाही. कट्ट्यावर जो सगळ्यांत मोठ्याने बोलत असतो, ज्याची बाईक किकला दाद देत नाही पण शिवीला देते, आणि ज्याच्या टी-शर्टच्या पाठीवर मुकुट घातलेला गिअर छापलेला असतो, तो मेकचा. मुकुटाखाली 'रॉयल मेक' असं लिहिलेलं असतं. हे राजेपद त्याला कुणी आणि कुठल्या परिपत्रकाने दिलं, ते परीक्षा विभागालाही सांगता येणार नाही. एका वर्षी आमच्या पोरांनी टी-शर्टवर तीन गिअर काढले, तिन्ही एकमेकांत अडकवलेले. मी म्हटलं, "बाबांनो, असे तीन गिअर एकमेकांत घातले तर एकही फिरणार नाही. पहिला उजवीकडे फिरला तर दुसरा डावीकडे. मग तिसऱ्याने जायचं कुठे?" डिझाईन करणारा शांतपणे म्हणाला, "सर, टी-शर्टवर कुठं फिरवायचेत?"

या उत्तरात अख्खा मेकवाला आला. मी गेली बरीच वर्षं त्याला शिकवतो, आणि सेमिस्टर संपत आलं की एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या कॉलेजात जाऊन तिथल्या मेकवाल्यांच्या ओरल घेतो. गाव बदलतं, गेटवरचं नाव बदलतं, कॅन्टीनमधला वडा बदलतो. हा बदलत नाही.

तो मेकला येतो कसा, याची घरची हकिगत ठरलेली असते. आई सांगते, "त्याला लहानपणापासूनच मशिनची आवड. चौथीत असताना भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं." खोललेलं घड्याळ परत जोडल्याचा उल्लेख कुठल्याच घरात होत नाही. भोसरीतल्या एमआयडीसीत नोकरीला असलेले काका सांगतात, "कॉम्प्युटरचं काय, आज आहे उद्या नाही. लोखंड कायम लागणार. मेक म्हणजे एव्हरग्रीन." प्रत्यक्षात याने कॅप राउंडच्या फॉर्ममध्ये पहिल्या पाच जागी कॉम्प्युटर आणि आयटी भरलेलं असतं, पुढे दोन ठिकाणी ई अँड टीसी, आणि मग केव्हातरी मेक. लिस्ट लागते. दुसऱ्या दिवसापासून तो सांगू लागतो, "आपल्याला मेकच पाहिजे होतं." आठ दिवसांत ते त्याला स्वतःलाही पटलेलं असतं.

पूर्वी निवडीचा हा घोळ नव्हता, कारण निवडायला फारसं काही नव्हतंच. पुण्याचं १८५४ सालचं, मुंबईचं १८८७ चं, सांगलीचं १९४७ चं, अशी मोजकी कॉलेजं. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडून दिलं आणि बघता बघता ज्या तालुक्यात साखर कारखाना, त्या तालुक्यात इंजिनिअरिंग कॉलेज असं चित्र झालं. उसाच्या फडाला लागून लेथ मशिन उभी राहिली. यात वाईट काही नाही. माझे कित्येक चांगले विद्यार्थी त्या फडातूनच चालत आले. फरक एवढाच, की पूर्वी आमच्याकडे येण्यासाठी मुलगा धडपडायचा. हल्ली ॲडमिशनच्या दिवसांत आम्ही मास्तर मंडळी गावोगावच्या ज्युनिअर कॉलेजांत माहितीपत्रकं घेऊन फिरतो.

पहिलं वर्ष सगळ्या ब्रांचना एकच. त्यामुळे मेकचा राजा वर्षभर केमिस्ट्री, बेसिक इलेक्ट्रिकल आणि एम-वन शिकत असतो. लोखंडाशी त्याची गाठ पडते ती आठवड्यातून एकदा वर्कशॉपमध्ये, आणि कागदावर पडते ती ड्रॉइंगच्या तासाला. पाठीवर शीट ठेवायची काळी नळी आणि हातात ड्राफ्टर घेऊन तो पीएमपीच्या बसमध्ये शिरला की पुढचे चार प्रवासी आपोआप सरकतात. त्या नळीचा रुबाब तलवारीचा असतो. आत काय असतं ते मात्र विचारू नये.

आत असते जीटी मारलेली शीट. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. ही कला अभ्यासक्रमात नाही, तरी ती आल्याशिवाय कोणी इंजिनिअर झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. होस्टेलवर एखाद्या खिडकीची काच आधीच ढिली करून ठेवलेली असते. ती काढून दोन बादल्यांवर आडवी ठेवायची. खाली बल्ब. काचेवर टॉपरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, कडेला चार टाचण्या किंवा चार मित्रांचे अंगठे. प्रश्न असतो साधारण असा: षटकोनी प्रिझमचा अक्ष एचपीशी ३० अंशांनी आणि व्हीपीशी ४५ अंशांनी कललेला आहे, प्रोजेक्शन काढा. टॉपर बिचारा ते प्रिझम डोळ्यांसमोर आणून रात्रभर फिरवत बसलेला असतो. बाकीच्यांना फिरवायची गरज नाही. खालून उजेड येतो आणि वरून पेन्सिल फिरते. काच तापते, कागदाला बल्बचा वास येतो, कोणीतरी मध्येच "आरं, हलवू नकोस" म्हणून ओरडतं, आणि पहाटे चारपर्यंत अख्ख्या विंगचं प्रिझम एकाच अंशात कलून तयार असतं.

एकदा माझ्यासमोर अकरा शीट आल्या. अकराही शीटवर प्रिझमच्या पोटात एक बारीकशी तुटक रेघ होती. तुटक रेघ म्हणजे हिडन लाईन, आत लपलेली कडा. पण या प्रिझमला लपवण्यासारखं काही नव्हतं. मी एकाला विचारलं, "ही हिडन लाईन कशाची?" तो क्षणभर शीटकडे बघून आत्मविश्वासाने म्हणाला, "सर, आत होल आहे." दुसरा म्हणाला, "स्लॉट आहे." तिसरा हुशार होता. तो म्हणाला, "सर, ती चुकून राहिली, खोडतो." शेवटी मूळ शीट मागवली. तिच्यावर त्या जागी एक डास चिरडलेला होता. त्याचे पाय आणि पंख निष्ठेने, एचबी पेन्सिलने, अकरा जागी उतरले होते. मी सगळ्यांना पास केलं. एवढी सूक्ष्म नक्कल करणारा हात पुढेमागे चांगलं ड्राफ्टिंग करील असं मला वाटलं, आणि अकरा शीट पुन्हा तपासायची माझी हिंमत नव्हती हेही खरं.

यांत्रिक रेखाटनाचं आणखी एक. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटनं शिकली, कारण तिथे रंगाचं काम नाही, रेघेचं आहे. पुढे ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे आणि १९१० साली त्यांनी माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. पोरं मन लावून ऐकतात आणि इंजिनिअर्स डेच्या भाषणात म्हणतात, "किर्लोस्करांकडेसुद्धा डिग्री नव्हती." सुद्धा हा शब्द कोणासाठी असतो, ते माझ्या लक्षात येतं.

आता वर्कशॉप. खाकी ॲप्रन, बूट, आणि समोर बेंचवर व्हाईस. पहिला जॉब फिटिंगचा. हातात माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड तुकडा देतात आणि सांगतात, याचे दोन भाग कर, एकात खाच काढ, दुसऱ्याला दात ठेव, आणि ते एकमेकांत असे बसव की मधून उजेड दिसता कामा नये. सांगायला दोन मिनिटं लागतात, करायला महिना. आधी तुकड्याला मोरचूद फासायचं म्हणजे मार्किंगच्या रेघा उठून दिसतात. मग सरफेस प्लेटवर हाइट गेज फिरवून रेघ मारायची, रेघेवर डॉट पंचने ठिपके पाडायचे, मग हॅकसॉ. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाने ब्लेड उलटं लावलेलं असतं आणि उरलेल्या निम्म्याने तोडलेलं असतं. मग कानस. कानशीच्या एका प्रकाराचं नाव बास्टर्ड फाईल आहे, हे कळल्यावर वर्गात जो आनंद पसरतो तो पुढच्या चार वर्षांत कुठल्याच व्याख्यानाला मिळत नाही. स्टोअरच्या खिडकीवर जाऊन ती मोठ्याने मागायला रांग लागते.

कानस मारताना याचा सगळा जोर दोन्ही बाजूंना असतो. पुढे ढकलतो, तसाच दाबून मागे ओढतो. वर्कशॉपचे मामा आयटीआय झालेले, वयाने याच्या वडिलांपेक्षा मोठे. ते लांबून आवाजावरून ओळखतात. जवळ येतात, याच्या हातावर हात ठेवतात आणि म्हणतात, "पुढं जाताना कापतीया ती. मागं येताना नुसती झिजती. मागं उचलून आण." चार स्ट्रोक ते स्वतः मारतात. आवाजच बदलतो. खरखर जाऊन एक सपाट, लांब, सरसर असा आवाज येतो, कडेने लोखंडाचा भुसा सांडतो आणि तुकड्याचा रंग चांदीसारखा उजळतो. मग मामा तो तुकडा ट्रायस्क्वेअरला लावून खिडकीच्या उजेडाकडे धरतात. "बघ, मधे पोट आलंय." हा बघतो. त्याला काही दिसत नाही. पण पुढच्या आठवड्यात दिसतं. लोखंडाला पोट येतं, हे ज्याला एकदा दिसलं त्याला ते आयुष्यभर दिसत राहतं. आमच्या वर्गांतल्या थिअरीपेक्षा मामांचे ते चार स्ट्रोक जास्त इंजिनिअरिंग शिकवून जातात, हे मी डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये बोलत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही.

अर्थात सगळेच महिनाभर घासत बसत नाहीत. मागच्या वर्षीचे जॉब होस्टेलवर वारसाहक्काने चालत येतात. गंज पॉलिश पेपरने काढायचा. अडचण एकच, जॉबवर रोल नंबर पंच केलेला असतो. पण त्यावरही तोड निघालेली आहे. इंग्रजी तिनाचा आठ करायला पंचचा एक फटका पुरतो. म्हणून आमच्याकडे तिसापासून एकोणचाळीसपर्यंतच्या रोल नंबरांचे जॉब भाव खाऊन जातात, आणि ऐंशीच्या पुढच्या बॅचचं फिटिंग दर वर्षी अचानक सुधारतं.

वर्गात साठ-सत्तर पोरांत तीन-चार मुली. गॅदरिंगला मेकची पोरं यावर विडंबनगीत रचतात आणि कॉम्प्युटर डिपार्टमेंटकडे बघून उसासे टाकतात. त्या तीन-चार जणी तोवर लेथवर उभ्या राहून टेपर टर्निंग पूर्ण करून मोकळ्या झालेल्या असतात. चक की चकमध्येच विसरून मशिन चालू करणारी मुलगी मी अजून पाहिलेली नाही. मुलगे पाहिले आहेत, आणि ती की छताच्या पत्र्याला लागून परत येतानाही पाहिली आहे.

दुसऱ्या वर्षापासून खरा मेक सुरू होतो. एम-थ्री, थर्मो, स्ट्रेंथ, फ्लुइड, पुढे टीओएम म्हणजे थिअरी ऑफ मशिन्स. शेल्फवर पी. के. नाग आणि भंडारी शोभेला असतात, अभ्यासाला 'लोकल ऑथर' असतो. लोकल ऑथर म्हणजे असं पुस्तक, ज्यात प्रश्न आधी येतो आणि विषय नंतर, आला तर. थर्मोत याला कार्नो भेटतो. सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने १८२४ साली एका छोट्या पुस्तकात असं एक इंजिन कल्पिलं, ज्याच्यापेक्षा जास्त कार्यक्षम इंजिन त्याच दोन तापमानांमध्ये कोणी बनवूच शकणार नाही. ते कोणी बनवलं नाही, बनवता येणारही नाही. पुढे आठ वर्षांनी तो कॉलऱ्याने गेला, वय ३६. मेकवाल्याची तक्रार अशी की, जे इंजिन नाही, ज्याचे स्पेअर पार्ट मिळत नाहीत, त्याच्यावर दर परीक्षेला प्रश्न का? मी समजावतो, की आपलं इंजिन किती वाईट आहे हे कळायला एक आदर्श समोर लागतो. तो मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हणजे शेजारच्या पोरासारखं." या एका वाक्यासाठी मी त्याला मनातल्या मनात दहापैकी आठ दिले.

या सगळ्या काळात तो एकच यंत्र मन लावून अभ्यासत असतो, ते म्हणजे विद्यापीठ. इंजिनचा गव्हर्नर कसा चालतो हे त्याला सांगता येत नाही, पण किती विषय राहिले तर एटीकेटी आणि किती राहिले तर वायडी, म्हणजे वर्षच गेलं, हे झोपेतही सांगता येतं. ग्रेस कुठल्या नियमाने मिळते, फोटोकॉपी मागवावी की थेट रीव्हॅल टाकावं, कुठलं युनिट ऑप्शनला टाकलं तर चाळीस निघतात, याचा त्याचा हिशेब एखाद्या वकिलाला लाजवील. त्यात हे यंत्र दर तीन-चार वर्षांनी मॉडेल बदलतं. २००८ चा पॅटर्न, मग २०१२ चा, मग २०१५ चा, मग २०१९ चा. होस्टेलवर माणसं आडनावाने नाही, पॅटर्नने ओळखली जातात. "तो २०१५ वाला, त्याचा अजून एम-थ्री लटकलाय." असा जुन्या पॅटर्नचा माणूस मेसमध्ये आला की नवी पोरं उठून जागा देतात.

सबमिशन हा त्या यंत्राचा वेगाचा काळ. सेमिस्टरभर थंड पडलेला मेकवाला शेवटच्या आठ दिवसांत बॉयलरसारखा तापतो. झेरॉक्सच्या दुकानात रात्री अकराला रांग असते. दहा प्रॅक्टिकलांची रीडिंग एकाच बैठकीत निघतात, तीही उलटीकडून: आधी ग्राफ काढायचा, छान सरळ रेघ येईल असा, मग त्या ग्राफवरून रीडिंग उतरवायची, आणि खरेपणासाठी एखादं रीडिंग मुद्दाम थोडं चुकवायचं. मास्तर तपासतो, सही करतो. त्यानेही त्याच्या काळात हेच केलेलं असतं.

तरी एखाद्या प्रॅक्टिकलला जादू होते. स्ट्रेंथच्या लॅबमधलं टेन्साइल टेस्टचं मशिन घ्या. मामा माइल्ड स्टीलचा रॉड जबड्यांत अडकवतात, पंप चालू होतो. पुढचे दोघे बघत असतात, मागचे मोबाईलवर, त्यांच्या मागचे उभ्याने झोपलेले. डायलची सुई चढत जाते. मग एका जागी ती अडते, किंचित मागे येते. मी ओरडून सांगतो, "हा यील्ड पॉइंट! बघा!" कोणी बघत नाही. सुई पुन्हा चढू लागते. मग रॉडला मधोमध मान पडते, बघता बघता बारीक होते, आणि फाडकन असा आवाज होतो की झोपलेले जागे होतात आणि मोबाईलवाल्याचा मोबाईल पडतो. तुटलेले दोन तुकडे मामा पुढे करतात, एकाच्या टोकाला वाटी, दुसऱ्याच्या टोकाला सुळका. "हात लाव." हात लावलेला प्रत्येक जण म्हणतो, "आयला, गरम आहे!" कोणी तापवला नाही, नुसता ओढला, तरी गरम. त्या दिवशी प्रश्न विचारायला पाच-सहा पोरं लॅबबाहेर थांबतात. परीक्षेत त्यातली चार जण यील्ड पॉइंट चुकीच्या जागी काढतात, ते वेगळं.

ओरलचा मेकवाला निराळाच. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर अंगारा, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला घेरून एकच सवाल: "काय विचारतोय? कसाय? खडूसे का?" आत आल्यावर तो एक्स्टर्नलचा चेहरा वाचू लागतो. मी चेहरा कोरा ठेवतो. "आवडता विषय?" हा सापळा असतो हे त्याला सीनियर्सनी सांगितलेलं असतं, म्हणून तो म्हणतो, "सर, सगळेच."

असाच एक जण समोर बसला होता, टीओएमच्या ओरलला. कॅम म्हणजे काय, हे त्याने लोकल ऑथरच्या शब्दांत घडाघडा सांगितलं. मी म्हटलं, "उदाहरण?"

"आयसी इंजिनमधला कॅमशाफ्ट, सर."

"ते सगळ्यांनीच सांगितलं. दुसरं?"

तो गप्प. हातात बॉलपेन होतं आणि तो ते अस्वस्थपणे दाबत होता. टिक, टिक, टिक. बाहेरून कोणीतरी दारातून हातवारे करत होतं. टिक, टिक.

"बघ, आठव. तुझ्या हातातच आहे."

त्याने हात उलटा करून बघितला. तळहात बघितला. मग मनगट. "सर, मनगटाचा जॉइंट?"

मी पेन मागून घेतलं, खोललं. खोलताना जे होतं तेच झालं. स्प्रिंग उडाली. मी, इंटर्नल, तो, आणि दारातला हातवारेवाला असे चौघे टेबलाखाली. स्प्रिंग सापडली ती इंटर्नलच्या बुटापाशी. मग मी त्याला दाखवलं: बटणाच्या खाली दातेरी कड असलेला एक छोटा प्लास्टिकचा तुकडा असतो. एकदा दाबलं की तो थोडासा फिरून खाचेवर अडकतो, रिफिल बाहेर. पुन्हा दाबलं की आणखी थोडा फिरून घसरतो, रिफिल आत. त्याने पेन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. दोनदा दाबलं, आत डोळा लावून बघितलं, पुन्हा दाबलं. "आयला," तो म्हणाला, आणि लगेच, "सॉरी सर." मग कोणी न सांगता त्याने ते पेन परत जोडलं, स्प्रिंगसकट, उलटं न लावता. बाहेर त्याच्या मागच्या तिसांनी वाट बघत दातओठ खाल्ले असणार. मी त्याला २५ पैकी २० दिले आणि इंटर्नलने माझ्याकडे संशयाने बघितलं.

आणखी एक जागा आहे जिथे मेकवाला पूर्ण वेगळा होतो. तिचं नाव बाहा. ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या सोसायटीची स्पर्धा आहे ही. सगळ्या टीमना इंजिन एकच, १० हॉर्सपॉवरचं. बाकी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाईन करून स्वतः बांधायची आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला नेऊन मातीत, खड्ड्यांत, चार तास पळवायची. आमच्या टीमच्या कॅप्टनचे स्वतःचे दोन विषय राहिलेले आणि तो रोल केजच्या पाइपांचे स्ट्रेस काढत बसलेला. ज्या गणितात तो नापास झाला होता तेच गणित. रात्री दोनला वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा निळा उजेड, बाहेर वॉचमन झोपलेला, आत मेसवरून आणलेला थंड पुलाव. स्पॉन्सरशिपची पत्रं घेऊन हीच पोरं भोसरी-चाकणला दारोदार फिरतात आणि कुणी पैसे दिले नाहीत तर निदान बेअरिंग मागून आणतात. ब्रेक टेस्टला चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. यांची तीन व्हायची. चौथं चाक का लॉक होत नाही, या एका प्रश्नावर त्या पोरांनी जेवढं हायड्रॉलिक्स वाचलं, तेवढं फ्लुइडच्या पेपरला वाचलं असतं तर विद्यापीठात पहिले आले असते. शेवटी ब्रेकच्या लाईनमध्ये हवा राहिलेली निघाली. इकडे नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली तेव्हा ही अख्खी टीम पहिल्या पानावर होती. हजेरी ७५ टक्के लागते, यांची चाळीसही भरत नव्हती. मी डिपार्टमेंटला म्हटलं, वर्गात नव्हते हे खरं, पण कॉलेजात तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वेळ हीच होती. माझं म्हणणं इतिवृत्तात नोंदवलं गेलं आणि लिस्ट तशीच राहिली.

शेवटच्या वर्षाला सगळ्यांना एकच गाणं सुचतं: "कोअरमध्येच जाणार." कोअर म्हणजे कारखाना, शॉप फ्लोअर, लोखंड. मग कॅम्पसला आयटीची कंपनी येते, एका दिवसात दीडशे पोरं उचलते आणि पगार सांगते. त्याच संध्याकाळी 'रॉयल मेक' टी-शर्ट घातलेला गृहस्थ मला सांगतो, "सर, कोडिंगची आवड मला शाळेपासूनच होती." चौथीत त्याने कॉम्प्युटर खोलला होता का, हे मी विचारत नाही.

पण काही जण खरंच चाकणला लागतात. ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. पहाटे पावणेपाचची कंपनीची बस, फर्स्ट शिफ्ट, कानात प्लग, भिंतीवर कायझेनचे फलक, आणि मशिनवर एक आयटीआय झालेला ऑपरेटर, जो याला 'साहेब' म्हणतो आणि सगळं काम शिकवतो. पहिले सहा महिने हा मला फोन करत नाही. नंतर करतो, तोही रात्री साडेअकराला, मागे कॉम्प्रेसरचा आवाज.

"सर, झोपला होता का?"

"होतो."

"सर, एक प्रॉब्लेम झालाय. व्हायब्रेशनने नट सैल होतायत. दर शिफ्टला टाईट करतो, दर शिफ्टला सुटतात. सुपरवायझर डोक्यावर बसलाय."

मी उठून बसलो. किती टॉर्क लावता ते विचारलं. लॉकनट, स्प्लिट पिन, नायलॉन इन्सर्टचा नट, सगळं सांगितलं. बोल्टला पुरेसा ताण दिला नाही तर वॉशर बदलून काही होत नाही, हेही सांगितलं. तो लिहून घेत होता, मध्ये मध्ये "एक मिनिट सर" म्हणत होता. चार वर्षांत माझ्या तासाला त्याने एवढं लिहून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सर, हे आपल्याला सिलॅबसला होतं?"

"होतं. मशिन डिझाईनला. मी स्वतः शिकवलंय."

पलीकडे थोडा वेळ नुसता कॉम्प्रेसर चालू होता.

"मग मी ते युनिट ऑप्शनला टाकलं असणार."

"टाकलं होतंस. बघ आता."

"बघतो सर." मग आवाज एकदम खाली आला. "पण सर, थर्ड शिफ्टपुरतं डायरेक्ट वेल्डच मारलं तर चालंल का?"